गच्चूनाना आणि काकूंचा खालचा सूर

गल्लीत सगळे त्यांना गच्चूनाना म्हणत आणि त्यांना त्याचा राग येत नसे. कुणी नवख्या माणसाने दबकत विचारलंच, की नाना, हे नाव कसं हो पडलं, तर ते छाती काढून सांगत, “मी मोकळी जागा कुठे ठेवतच नाही ना!” आणि ते अगदी खरं होतं. नानांनी भरलेली बॅग उघडायची तर गुडघा रोवून बसावं लागे. त्यांनी लावलेल्या कपाटातून एक टॉवेल ओढला, की चादरी, अभ्रे आणि एखादा हरवलेला मोजा असं सगळं वऱ्हाड मागोमाग बाहेर येई. जेवणाचा डबा ते असा भरत, की झाकण काढताना शेजारचा माणूस आपोआप मागे सरकत असे.

हा सोस त्यांना घरात नडे, पण दुकानात त्याचंच सोनं झालं होतं. नाना ट्रान्सफॉर्मर भरत. एक शटरची खोली, दारात हाताने फिरवायचं वाइंडिंगचं यंत्र, भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं, कोपऱ्यात वॉर्निशचा डबा आणि त्या वॉर्निशचा गोडसर उग्र वास, एवढाच त्यांचा संसार. दुकानातला संसार म्हणतोय मी, घरचा वेगळा, तो पुढे येईलच. तर ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय, मध्ये पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा गठ्ठा आणि त्याभोवती तारेची वेटोळी. एक पट्टी या बाजूने सरकवायची, दुसरी त्या बाजूने, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. शेवटच्या चारसहा पट्ट्या आत जाता जात नाहीत. तिथे बाकीचे कारागीर “झालं, झालं” म्हणून उठतात. नाना तिथे लाकडी हातोडी घेऊन बसत. टकटक, टकटक करत शेवटची पट्टी आत गेली, की गठ्ठ्यावर नख फिरवून बघत. नख कुठे अडकलं नाही, तरच चहा. म्हणूनच नानांचा ट्रान्सफॉर्मर चालू असला तरी कळत नसे. दुसऱ्यांचे डासासारखे गुणगुणत, नानांचा मुक्यासारखा बसे. “बोलतो तो ट्रान्सफॉर्मर कच्चा,” असं ते म्हणत, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की गल्लीतली पोरं ते पाठ म्हणून दाखवत.

नानांचा आवडता खेळ मात्र वेगळाच होता. भंगारवाल्याची एक मोठी चुंबकाची थाळी त्यांच्याकडे वेटोळी बदलायला यायची, तीच, जी क्रेनला टांगून लोखंड उचलतात. भंगारवाला दर वेळी म्हणे, “नाना, या वेळी जरा जास्त करंट खेचेल असं करा. दुप्पट माल उचलू दे.” मग नाना त्याला स्टुलावर बसवत, टेबलावर पोलादाचा एक तुकडा घेत, त्याभोवती तार गुंडाळत आणि त्यात थोडा करंट सोडत. चार खिळे चिकटत. करंट वाढवला, की मूठभर चिकटत. आणखी वाढवला, की दाढीसारखा झुपका लोंबे. भंगारवाला खूश. मग नाना बटण आणखी फिरवत, आणखी फिरवत, आणि खिळे होते तेवढेच राहत. फक्त तार तापे आणि वॉर्निशचा वास सुटे.

“बघ,” नाना म्हणत, “या पोलादाच्या आत बारीक बारीक चुंबकं असतात. एरवी ज्याचं तोंड जिकडे तिकडे. करंट सोडला, की एकेक करून सगळी एका दिशेला वळतात. सगळी वळून झाली, की वळायला उरलं कोण? लोखंडाचं पोट भरलं. आता तू कितीही वाढ, नुसता ताप होणार. पुस्तकात त्याला संपृक्तता का कायसं म्हणतात. मी म्हणतो, पोट भरलं.”

भंगारवाला मान डोलावत असे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच मागत असे. नानांची त्याला हरकत नव्हती. खेळ पुन्हा दाखवायला मिळतो, एवढंच त्यांना हवं असायचं.

आता घरचा संसार. नानांची बायको म्हणजे काकू. काकू घरीच शिवणयंत्रावर पडदे, गाद्यांच्या खोळी, पिशव्या असलं शिवत. बाई हसतमुख, उंचीने नानांपेक्षा बोटभर जास्त आणि आवाजाने म्हणाल तर चांगल्या हातभर खाली. फोन उचलून “हॅलो” म्हणाल्या, की पलीकडचा माणूस थेट, “नाना, माझा स्टॅबिलायझर झाला का?” असं सुरू करी. काकू शांतपणे सगळं ऐकून घेत, आणि शेवटी, “निरोप देते हं त्यांना,” म्हणत. मग पलीकडे जी शांतता पसरे, ती काकूंना फार आवडे.

पण या आवाजापायी एक काटा लहानपणी बोचला होता, तो काही निघाला नव्हता. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं आणि सांगितलं, “तू नुसते ओठ हलव.” काकूंनी ओठ हलवले. संमेलनात सगळ्यांच्या आया म्हणाल्या, काय छान गायलीस गं, आणि काकूंची आईही तेच म्हणाली. ही गोष्ट काकू हसत हसत सांगत, पण चारचौघांत त्यानंतर कधी गायल्या नाहीत. गात त्या शिवणयंत्रावर. पायाने यंत्र घरघरत ठेवायचं आणि त्या घरघरीच्या खाली आपला सूर लावायचा, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको.

नानांना ऐकू जात असे. आणि इथेच नानांचा सोस पुन्हा आडवा आला. गाण्याची पहिली ओळ संपायच्या आत त्यांचं “वा!” सुरू होई. “वा! काय आवाज! असा आवाज साऱ्या शहरात नाही! अगं, साऱ्या देशात नाही!” कौतुकही ते गच्च भरत. लग्नानंतर पहिली काही वर्षं काकू लाजल्या. नंतर नुसत्या हसल्या. पुढे पुढे काही म्हणजे काहीच होईना. “तुमच्या ‘वा’चं काय घेऊन बसलात,” त्या म्हणत, “मी नळवाल्याला हाक मारली तरी तुम्ही ‘वा’ म्हणाल.” जो माणूस दर वर्षी खिळ्यांचा खेळ करून दाखवतो, त्याला आपल्याच घरात हे कळू नये, याला काय म्हणावं? पण माणसाचं असंच असतं.

तर एक दिवस जवळच्या सभागृहाचा फाटका पडदा काकूंकडे शिवायला आला. पडदा न्यायला आल्या त्या तिथे बायकांचं गाणं बसवणाऱ्या बाई. दार उघडंच होतं. यंत्राच्या घरघरीखाली चाललेला सूर त्यांनी ऐकला आणि उंबऱ्यातच थबकल्या. “हा आवाज मला हवाय,” त्या म्हणाल्या. काकूंना वाटलं, पडद्याबद्दलच काही बोलताहेत.

सभागृहाला पन्नास वर्षं होत होती. त्या समारंभात बायका एक गाणं गाणार होत्या. नदीचं गाणं. बाईंचं म्हणणं, की नदी खोलातून सुरू व्हायला हवी. पहिल्या चार ओळी एकटीने, खालच्या सुरात, अगदी तळातून, आणि मग बाकीच्यांनी हळूहळू वर चढवत न्यायचं. त्यांच्याकडे उंच आवाजाच्या बायका होत्या खंडीभर. तळाला कुणी नव्हतं. काकू आधी नाही म्हणाल्या, मग विचार करते म्हणाल्या, मग दोन दिवस यंत्र न चालवता गायल्या. नाना दुकानातून जेवायला आले आणि जिन्यातच उभे राहिले. घरघर नाही आणि नुसतंच गाणं, हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या तोंडून ‘वा’सुद्धा निघालं नाही, एवढे ते हरखून गेले. काकूंनी हो म्हटलं होतं.

इथे नानांच्या मेव्हण्याची ओळख करून द्यायला हवी. काकूंचा धाकटा भाऊ त्याच सभागृहाची देखभाल करायचा, आणि त्याचा जीव की प्राण म्हणजे तिथला जुना अ‍ॅम्प्लिफायर. छोट्या कपाटाएवढं धूड, आत काचेचे दिव्यासारखे व्हॉल्व्ह, चालू केलं की हळूहळू नारिंगी उजळणारे. सभागृह बांधलं तेव्हा कुण्या हौशी इंजिनियराने स्वतःच्या हाताने ते तयार केलेलं. नवा घ्या म्हणून कुणी सुचवलं, की मेव्हणा त्याच्याशी दोन दिवस बोलत नसे. नेमकं याच वेळी एका सभेत वक्ता थांबेना म्हणून त्या धुडातला ट्रान्सफॉर्मर थांबला. धूर आला, वास आला, आणि भोंग्याला आवाज देणारा तो ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला.

मेव्हणा तो कोळसा फडक्यात गुंडाळून नानांच्या दुकानात घेऊन आला. “भावोजी, ताई यातून गाणार आहे. आता तुमच्या हातात आहे.”

“ठेव,” नाना म्हणाले, आणि बाकीची सगळी कामं बाजूला सारली.

असला ट्रान्सफॉर्मर त्यांनी आजवर भरला नव्हता. त्यांचे सगळे घरच्या विजेवर चालणारे. पण तार ती तार आणि पोलाद ते पोलाद, यात काय मोठंसं, असं त्यांना वाटलं. जुनी वेटोळी मोजत सोडवली, तार मापली. मग पट्ट्या सोडवल्या, आणि नाना एकदम हसत सुटले. एवढे हसले, की समोरचा सायकलवाला धावत आला. काय झालं होतं, की जुन्या कारागिराने पट्ट्या आळीपाळीने घातल्याच नव्हत्या. इंग्रजी ई अक्षराच्या आकाराच्या सगळ्या एका बाजूला, सरळ सगळ्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हींच्या मधल्या सांध्यात चक्क एक तपकिरी कागदाची पट्टी.

“कामचुकार लेकाचा!” नाना डोळे पुसत म्हणाले. “बसवायचा कंटाळा आला, म्हणून फट ठेवली आणि वर कागद कोंबला. पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात नाही आलं!” तो कागद त्यांनी साऱ्या गल्लीला दाखवला आणि मग केराच्या टोपलीत टाकला.

नानांनी मग जे काम केलं, ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत देखणं काम होतं, यात शंका नाही. बायको गाणार म्हटल्यावर हातात काय बळ आलं होतं! पट्ट्या आळीपाळीने, चपखल. मूळच्यापेक्षा दोन जास्तच बसवल्या. शेवटच्या पट्टीला टकटक करता करता दुपार सरली. नख फिरवलं, तर काच वाटावी. वॉर्निश दिलं, वाळवलं, घरच्या विजेवर लावून तपासलं. करंट जेमतेम, गुणगुण नाही, हात लावला तर थंडगार. मेव्हण्याने कान टेकवून बघितलं. “आहे का चालू?” त्याने विचारलं. नानांसाठी याहून मोठं प्रशस्तिपत्र नव्हतं. त्या दिवशी त्यांनी सायकलवाल्यालाही चहा पाजला.

पहिली तालीम मायकावर झाली, तेव्हा नाना मुद्दाम पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. आधी सगळ्या बायकांनी मिळून वरच्या ओळी म्हटल्या. घंटेसारखा आवाज! नानांनी मेव्हण्याकडे बघून भुवया उडवल्या. मग काकू पुढे आल्या, पदर सारखा केला, आणि त्यांनी खालचा सूर लावला.

भोंग्यातून जे निघालं, ते गाणं नव्हतं. जाड कापड टराटरा फाडावं तसा काहीतरी आवाज आला. काकू दचकून थांबल्या. खाकरल्या. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मेव्हण्याने घाईघाईने आवाज वाढवला, तर सूर काही मोठा होईना, फाटणं तेवढं वाढलं. मागच्या रांगेतल्या दोघी खाली बघायला लागल्या. कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते वाईट होतं.

“घसा बसलाय जरा,” काकू म्हणाल्या, आणि जाऊन पाणी प्यायल्या.

घसा बसला नव्हता. घरी त्या तीच ओळ गायल्या आणि छान लागली. पण काकूंना आता घरचं काही खरं वाटेना. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, आलं चघळून झालं. दुसऱ्या तालमीला तेच झालं. नानांनी मेव्हण्याला धारेवर धरलं. भोंगा जुना आहे, माइक पडलेला दिसतोय, वायरीला गंज आलाय, आणि काय काय. मेव्हण्याने मुकाट्याने भोंगा बदलला, माइक बदलला, वायर बदलली. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं होतं ते. ट्रान्सफॉर्मरवर नानांना संशयसुद्धा आला नाही.

तिसऱ्या तालमीला काकू मायकाजवळ गेल्याच नाहीत. गाणं बसवणाऱ्या बाईंना त्या हळूच म्हणाल्या, “या चार ओळी दुसऱ्या कुणाला द्या. मी मागे उभी राहते. ओठ हलवीन.”

नाना दाराशीच होते. त्यांनी ते ऐकलं. ही बाई आज मागच्या रांगेत गेली, तर पुन्हा कधी पुढे येणार नाही, आणि यंत्राची घरघर पुन्हा सुरू होणार, हे त्यांना उमगलं. सांगायचं तर त्या माणसाला त्या क्षणी रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

बायका गेल्यावर त्यांनी मेव्हण्याला थांबवून घेतलं. “लाव रे तुझं ते कपाट चालू. मी गातो.”

“तुम्ही? भावोजी, नको. व्हॉल्व्ह नाजूक आहेत.”

“गप्प बस. लाव.”

नाना मायकापुढे उभे राहिले आणि म्हशीने हंबरावं तसा एक खालचा सूर त्यांनी लावला. भोंगा टराटरा फाटला. मग वर चढवून किंचाळले, तर स्वच्छ किंचाळी ऐकू आली. मग मेव्हण्याला गायला लावलं. खाली फाटलं, वर स्वच्छ.

“म्हणजे ताईचा घसा नाही,” मेव्हणा म्हणाला. “कुणीही खाली गेलं, की फाटतंय. आणि भावोजी, एक बोलू का? रागवू नका. आमचा चौकीदार याच मायकावर वर्षानुवर्षं ‘गाडी दारातून काढा’ म्हणून ओरडतो. त्याचा आवाज ताईहूनही जाडा. कधी फाटला नाही. म्हणजे, तुम्ही ट्रान्सफॉर्मर भरायच्या आधी नाही फाटला.”

नाना रागावले. दोन मिनिटं चांगले लालबुंद झाले. मग त्यांनी मीटर काढलं आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला जोडलं. कुणी गात नव्हतं, बोलत नव्हतं. तरी काटा चढला आणि तिथेच ठाम उभा राहिला.

“हा करंट कसला?” नानांनी विचारलं. “कुणी तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“तो व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्हला लागतो तो यातूनच जातो ना. गाणं असो नसो, कायम चालू.”

“एकाच दिशेने?”

“एकाच दिशेने.”

नाना मंचाच्या पायरीवर मटकन बसले. सगळा उलगडा एका झटक्यात झाला. घरच्या विजेचा करंट सारखा उलटसुलट फिरतो, त्यामुळे पोलाद भरतं, रिकामं होतं, पुन्हा उलट भरतं. इथे करंट एकाच बाजूने रेटत राहायचा, म्हणजे काकूंनी तोंड उघडायच्या आतच त्यांच्या पोलादाचं पोट तुडुंब भरलेलं. जेवून आलेल्या पाहुण्याला पुन्हा पानावर बसवल्यासारखं झालं होतं. उंच सूर झटकन मागे वळतो, त्याला थोडक्यात भागतं. खालचा सूर सावकाश, एकेका बाजूला बराच वेळ ढकलत राहतो. त्याला सगळ्यांत जास्त जागा लागते, आणि नानांनी तर जागा ठेवलीच नव्हती. तो जुना कारागीर कामचुकार नव्हता. कागदाची ती फट त्याने जाणून ठेवली होती. कागदात चुंबकत्व सहजी शिरत नाही, त्यामुळे तेवढ्या करंटने पोलाद काठोकाठ भरत नाही आणि गाण्याला वाव उरतो.

“अरे,” नाना कपाळावर हात मारून म्हणाले, “त्या माणसाला मी साऱ्या गल्लीत कामचुकार म्हटलं!”

“अति तेथे माती, भावोजी,” मेव्हणा म्हणाला, आणि लगेच चार पावलं मागे सरला.

पण नाना हसायला लागले. अगदी खदाखदा. कारण दोष काकूंच्या आवाजात नव्हता, आपल्या हातोडीत होता, आणि एवढं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर काखोटीला मारून ते दुकानात आले. आपलंच देखणं काम आपल्याच हाताने सोडवायचं म्हणजे काय, ते वॉर्निशने चिकटलेल्या पट्ट्या सोडवणाऱ्यालाच ठाऊक. दोन बोटं सोलली. मग ई एका बाजूला, सरळ दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये जाड कागदाची एक घडी. मेव्हणा शेजारी बसून डोळे विस्फारून बघत होता. गच्चूनाना स्वतःच्या हाताने फट ठेवताहेत हे बघायला त्याने सायकलवाल्यालाही हाक मारली. मग ट्रान्सफॉर्मर सभागृहात नेऊन लावला. एका घडीने खालचा सूर थोडा खरखरला. दुसरी घडी घातली, तर नानांचं हंबरणं भोंग्यातून जसंच्या तसं, गोल आणि दाट बाहेर पडलं. ते ऐकून चौकीदाराने खिडकीतून डोकावून बघितलं.

मोठी अडचण तर पुढेच होती. काकू घरी यंत्रावर बसल्या होत्या. घरघर चालू होती आणि तिच्याखाली गाणं नव्हतं.

“चल सभागृहात,” नाना म्हणाले. “तुझा आवाज सोन्यासारखा आहे. साऱ्या शहरात असा आवाज नाही.”

“हो ना,” काकू म्हणाल्या. पाय थांबला नाही.

“अगं, खरंच सांगतोय. देशात नाही! तू गायलीस की अंगावर काटा येतो!”

“बरं. हातपाय धुऊन घ्या, जेवायला वाढते.”

नानांनी आणखी तोंड उघडलं, आणि मिटलं. टेबलावरचे खिळे त्यांना आठवले असतील का, ते मला माहीत नाही. पण आणखी वाढवण्यात अर्थ नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. ते स्टूल ओढून यंत्रासमोर बसले.

“माझी चूक झाली,” ते म्हणाले.

यंत्र थांबलं. काकूंनी चष्मा वर सारला. “काय झाली?”

“चूक. माझ्या कामात. तो ट्रान्सफॉर्मर मी चुकीचा भरला. खालचा सूर त्याला पेलत नव्हता. तुझाच नाही, कुणाचाच. मी गायलो, तुझा भाऊ गायला, सगळ्यांचा फाटला. फट ठेवायला हवी होती, मी ठेवली नाही.”

 काकूंनी उठून नानांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप नाही,” नाना वैतागून म्हणाले.

“पुन्हा म्हणा.”

“माझ्या कामात चूक होती.”

संसाराला पस्तीसेक वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नानांनी काकूंच्या आवाजाला हजार वेळा सोन्याचा म्हटलं होतं आणि आपल्या कामाला एकदाही चुकीचं म्हटलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या मांडणीची फळी पडली, तीसुद्धा त्यांच्या मते भिंतीची चूक होती. बायकोला खूश करायला हा माणूस वाट्टेल ते बोलेल, पण हे बोलणार नाही, हे काकूंइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्या हसायलाही लागल्या, आणि काय करावं न सुचून त्यांनी हातातली खोळ नानांच्या डोक्यावर टाकली.

“चपला घाला,” त्या म्हणाल्या.

सभागृहात पुढची तालीम सुरूच होती. मध्यंतरी त्या चार ओळी ज्या दुसऱ्या बाईंना दिल्या होत्या, त्यांनी काकूंना दारात बघताच सुटकेचा निःश्वास टाकला. खालचा सूर शोधता शोधता त्या बिचारीचा घसा खरोखरच बसायची वेळ आली होती.

समारंभ त्याच आठवड्यात, संध्याकाळी होता. सभागृह भरलेलं होतं. भंगारवालाही आला होता, सायकलवालाही, आणि नानांनी ज्याला ज्याला तो कागद दाखवून हसवलं होतं ते सगळेच आले होते. नाना मात्र समोर बसले नाहीत. मंचामागच्या खोलीत, नारिंगी उजळलेल्या व्हॉल्व्हजवळ, मेव्हण्याच्या शेजारी ते उभे राहिले. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, पडदा सरकला.

काकू एकट्या पुढे आल्या. गाणं बसवणाऱ्या बाईंनी हात वर केला, आणि काकूंनी सूर लावला. तळातून. भरल्या घरातली जमीन हलकेच थरथरावी, तसं काहीतरी सगळ्यांच्या पायाखालून गेलं. कुजबुज थांबली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथ्या ओळीचा शेवटचा सूर सर्वांत खालचा होता. तो काकूंनी असा सहज, असा मनमुराद लावला, की मेव्हणा बटणाला हात लावायलाच विसरला.

इथे बाकीच्यांनी उचलायचं होतं. बाईंचा हात तयारच होता. वीसेक बायकांनी श्वास भरून घेतला होता. पण काकू थांबल्याच नाहीत. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू, आणि त्यांनी पहिली ओळ पुन्हा धरली. बाईंचा हात तसाच हवेत राहिला. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि भरलेला श्वास हळूच सोडून दिला.

“भावोजी!” मेव्हणा कुजबुजला. “हे असं ठरलं होतं का?”



“नाही,” नाना म्हणाले. “गाऊ दे तिला.”